परत मागितलेलं वाण

धार, ९ नोव्हेंबर १९१७

जाळली! माझी पेटी मुंबईत जाळली.

भगवंतानं मोंबासाहून पाठवलेल्या पिवळ्या दुहेरी जास्वंदीच्या बारा फांद्या होत्या तीत. सख्ख्या भावानं बहिणीला पाठवलेल्या. टपालातून कागद आला तो ह्यांनी वाचून दाखवला — कचेरीत हुकूम वाचतात त्या आवाजात. परदेशातलं झाड, कलम, फांदी यापुढे टपालानं येणार नाही. आणायचं तर बंदरातून आणा, झाडाला रोग नाही असा तिकडच्या सरकारचा दाखला आणा. मग मुंबईला पेटीत कोंडून त्याला विषारी धूर देणार. धुरातून जगलं तर तुमचं.

मी म्हटलं, बोटीतून माणसं उतरतात त्यांना देतात का धूर? हे म्हणाले, "प्लेगच्या वर्षी देत होते." ह्यावर मी उठून भाजी चिरायला बसले.

हे दरबारच्या बागखात्यात कारकून. बाग ह्यांच्या कागदावर, माझी परसात. कुणाची चांगली ते सगळ्या धारेला माहीत आहे.

१३ नोव्हेंबर

देवासहून बटवा आला. खणाचा, आता पार विटलेला. राजाला — म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, राजाबाईला — देवासला दिली तेव्हापासून हा बटवा धार-देवास करतो आहे. तिच्या तिकडच्या पाच मैत्रिणी, माझ्या इकडच्या पंधरा. नियम एकच : बियांची एक पुडी काढायची, एक घालायची. रिकाम्या हातानं घ्यायचं नाही.

राजानं पांढऱ्या वांग्याचं बी घातलंय. वर चिठ्ठी — "ताई, यंदा वाण काय लुटणार? पुन्हा आरसे?"

गेल्या संक्रांतीचे माझे आरसे होळीपर्यंत आंधळे झाले होते. ती विसरणारी नाही. म्हणून तर गणपतीत सगळ्यांसमोर बोलून बसले — यंदा एकवीस जणींना पिवळी जास्वंद देणार. माळव्यात कुणी पाहिली नाही अशी.

बोलले ते करणार. कायदा मुंबईत. मी धारेत.

१४ नोव्हेंबर

भगवंताला पत्र टाकलं. पेटी नको. येणाऱ्या माणसाबरोबर पाठव.

१२ डिसेंबर

खंडोजी आला! भगवंताबरोबर तिकडे रेल्वेच्या कारखान्यात असतो, घर इथलंच. रजेवर आलाय. वळकटी सोडली — आत ओलं गोणपाट, गोणपाटात तीस फांद्या, प्रत्येकीचं बूड कच्च्या बटाट्यात खोचलेलं. एकही वाळली नव्हती.

मी विचारलं, बंदरावर कुणी पाहिलं नाही? म्हणाला, "बाईसाहेब, वळकटी कोण खोलतो? साहब पेट्या खोलके देखता था. मी म्हटलं, थंडी-ताप आहे. दूरच राहिला मग."

त्याला पोटभर पुरणपोळी घातली. ह्यांनी बटाट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी घालून कचेरीत गेले.

१५ डिसेंबर

वन्सं येऊन गेल्या. ह्यांची थोरली बहीण, यमुनाबाई. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. देवीसागर तलावाच्या पाळीजवळ एकट्या राहतात. मला कलम बांधायला शिकवलं ते त्यांनीच.

फांद्या पाहून खूश होतील असं वाटलं होतं. विचारलं काय, तर — "कुठे लावल्यास?" म्हटलं, परसात, पेरूच्या सावलीत. "नवी गाय आणली की लगेच गोठ्यात बांधतेस का? महिनाभर बाहेर ठेवतेस. झाडाला एक उन्हाळा ठेवावं, उमा. कीड थंडीत झोपते. उन्हं तापली की उठते."

मी म्हटलं, वन्सं, तुम्ही सरकारला फितूर झालात. त्या हसल्या नाहीत.

एक उन्हाळा थांबायचं तर रथसप्तमी गेली. आणि राजापुढे नाक गेलं.

६ जानेवारी १९१८

तीसपैकी चोवीस फुटल्या. काय पालवी! हिरवी, जाड, चकचकीत.

तीन-चार कुंड्यांत पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काही दिसलं. गेल्या आठवड्यात अंगणात पिंजारी बसला होता, रजया भरायला. त्याचाच कापूस उडाला असणार. अंगठ्यानं पुसून टाकलं. जरा चिकट होतं.

११ जानेवारी

बोलावण्याची यादी केली. धारेतल्या पंधरा, देवासच्या सहा. बरोबर एकवीस. वन्संचं नाव हळदीकुंकवाच्या यादीत यायचा प्रश्न नाही. त्यांना तिळगूळ पाठवीन.

रथसप्तमी

पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सगळ्या आल्या. राजा देवासहून बैलगाडीनं, दोन दिवस आधीच. एकेकीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि हातात कुंडी दिली. एका कुंडीत एक फूल उमललेलं होतं, ते मुद्दाम सुमंगलाबाईंना — सरदार उदाजीरावांच्या सूनबाईंना. त्यांनी फुलाला हात न लावता दोन वेळा वाकून पाहिलं. शेजारची दुर्गा म्हणाली, "उमावहिनी, हे सोनं आहे." राजा काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला पुरलं.

तिनं गाडीत पेंढ्यात सहा कुंड्या बसवून नेल्या. तिची एक, मैत्रिणींच्या पाच. माझ्याकडे तीन उरल्या.

वन्संना तिळगूळ पाठवायचा राहिला. उद्या.

२० मार्च

बटवा गेला, बटवा आला. उन्हं तापायला लागली.

४ एप्रिल

पेरूची पानं काळी पडताहेत. काजळी धरल्यासारखी. मारुती माळ्याला बोलावलंय.

५ एप्रिल

मारुतीनं पान उलटं केलं. खालून सगळं पांढरं. मी म्हटलं, पिंजाऱ्याचा कापूस. तो म्हणाला, "बाई, कापूस चालतो का?"

चालत होता.

"मुंग्या देखो ना, कशा चढतायत. ह्याचा गोड रस पितात अन् ह्याला उचलून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतात. ही जात आपल्याकडची नाही. मी चाळीस वर्षांत नाही पाहिली." मग जास्वंदीच्या तीन कुंड्यांकडे नुसतं बोट केलं. माळी आहे, पण शहाणा.

८ एप्रिल

लिंबावर आहे. सीताफळावर आहे. राखेनं धुतलं, तंबाखूच्या पाण्यानं धुतलं. दोन दिवसांनी तितकंच.

१० एप्रिल

दुर्गाच्या पेरूवरही. आमची भिंत एकच, तेव्हा मी मनाला सांगितलं, भिंतीवरून गेलं असेल. मग दुपारी सुमंगलाबाईंकडून निरोप — "तुमच्या मारुतीला पाठवा, आमच्या लिंबांना काहीतरी झालंय." त्यांची आणि आमची भिंत एक नाही. मध्ये अख्खी पेठ आहे.

१४ एप्रिल

राजाचं पत्र. "ताई, तुझी जास्वंद माझी डाळिंबं खाते आहे. मैत्रिणींच्या घरी तेच. मी त्यांना तोंड काय दाखवू?"

ही वही मागे चाळली. ६ जानेवारी. "जरा चिकट होतं." माझ्याच अक्षरात. मला शरम वाटली. फार शरम वाटली. वन्संनी सांगितलं होतं, सरकारनं सांगितलं होतं, अंगठ्यानंसुद्धा सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुतल्याशिवाय मी उंबरा ओलांडू देत नाही, आणि ही समुद्रापलीकडची फांदी सरळ पेरूखाली नेऊन लावली.

कीड कुठे गेली ते शोधायला नकोच. कुठे गेली ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. हळदीकुंकवाची यादी.

१५ एप्रिल

ह्यांच्याशी बोलले. म्हणाले, गप्प राहा. कायदा बंदरावरचा, संस्थानाला लागू नाही, कुणी विचारायला येणार नाही. पण आपणहून सांगितलंस तर खात्यात विचारतील — बागखात्याच्या कारकुनाच्या घरी चोरून आणलेलं झाड? म्हणाले, "पावसाळ्यात जाईल धुऊन."

मारुती म्हणतो, पावसाळ्यापर्यंत नालछ्याच्या रानातल्या सीताफळांत पोचेल. मग कुणाच्या बापाला आवरणार नाही.

१६ एप्रिल

ठरलं. प्रत्येकीच्या घरी जायचं, खरं सांगायचं, कुंडी परत मागायची आणि जाळायची. लागलेल्या फांद्याही छाटून जाळायच्या.

दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. आईनं ऐकलं असतं तर तिनं माझं तोंड धरलं असतं. तरी जाणार. आधी माझ्या तीन कुंड्या आणि पेरू.

१७ एप्रिल

पेरू जाळला. मी लग्न होऊन आले तेव्हा कमरेएवढा होता.

१८ एप्रिल

सकाळी पदर खोचून निघाले तर दारात हे. मारुतीची हातगाडी घेऊन, हातात घासलेटचा डबा. कचेरीत रजा टाकलेली. म्हणाले, "यादी इकडे दे. तू वाचायला लागलीस की रडशील." आणि त्या हुकमाच्या आवाजात पहिलं नाव वाचलं.

असा नवरा! वहीत लिहिते, तोंडावर म्हणणार नाही.

१९ एप्रिल

काल-आज मिळून अकरा घरं.

दुर्गाकडे सगळ्यात वाईट झालं. कुंडी पोटाशी धरून उभी राहिली. "वाण परत? उमावहिनी, तुम्ही माझं कुंकू परत मागताय. माझ्या कुंकवाला काही झालं तर?" मी म्हटलं, दुर्गे, किडीला कुंकू कळत नाही. तिनं कुंडी खाली ठेवली, हातात दिली नाही. माझ्यामागे उंबऱ्यावर पाणी टाकलं. मी ते ऐकलं.

एका घरी चोर म्हणाले. चोरच आहे.

२२ एप्रिल

धारेतल्या चौदा झाल्या. राहिल्या सुमंगलाबाई. "सरदारांच्या वाड्यातून दिलेली वस्तू बाहेर जात नाही," असा निरोप. बरं. मी त्यांच्या ओट्यावर बसणार.

२४ एप्रिल

तीन दिवस बसले. ऊन मी म्हणत होतं. शेवटी आज स्वतः कुंडी घेऊन आल्या. "तुमच्यापेक्षा कीड बरी," म्हणाल्या. मी कुंडी घेतली आणि नमस्कार केला.

३ मे

देवासहून आज परत. सहाच्या सहा जाळल्या. तिथे दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका बाजूला एकांचं राज्य, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांचं. एका बाजूचा शिपाई मला विचारत होता, दुसऱ्या बाजूला काय जाळलं? म्हटलं, तेच. कीड दोन्ही दरबारांची रयत.

राजाची डाळिंबं निम्मी तोडली. तिनंच कोयता चालवला. माझ्याशी बोलली नाही. निघताना गाडीत पाण्याचा तांब्या ठेवला, एवढंच.

एकवीस आणि तीन, चोवीस. एकही उरली नाही.

३० जून

पाऊस लागला. छाटलेली झाडं फुटताहेत, पानं स्वच्छ. मारुती रोज पानं उलटी करून पाहतो. मीही. सवयच लागली.

नालछ्याला नाही. तो स्वतः पाहून आला.

१५ जुलै

बटव्यात दोडका, गवार, राजगिरा घालून पाठवला होता. पेरणीचे दिवस. आज परत आला. गाठ मी मारली होती तशीच. कुणी उघडलासुद्धा नाही.

बियांना काही झालेलं नव्हतं. पण माझ्या हातचं कुणाला नको. धारेतही तेच — दुर्गा परसात मला पाहिलं की आत जाते. बाया बाजारातून बी आणताहेत, जुनं, किडकं, उगवेल न उगवेल.

कीड संपली आणि माणसंही संपली. असं होऊ देणार नाही. पण काय करू ते कळत नाही.

२ ऑगस्ट

आज वन्संकडे गेले. एप्रिलपासून पाऊल टाकलं नव्हतं. कोणत्या तोंडानं जाणार होते?

त्यांचं परसू पाहून थांबलेच. पेरू लगडलेला. लिंबू, मोगरा, साधी तांबडी जास्वंद. सवयीनं पान उलटं केलं. दुसरं केलं. दहा केली. काही नाही. सबंध धारेत आमच्या ओळखीत एवढं एकच परसू धड राहिलंय.

वन्सं ओट्यावर शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "शोधू नकोस. इथे कशी येईल? मला वाण कुठे दिलं होतंस?"

रागानं नाही म्हणाल्या. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. मी तिथेच बसले. तिळगूळसुद्धा पाठवला नव्हता, तेही आत्ता आठवलं.

५ ऑगस्ट

पुन्हा गेले. मागायला गेले. म्हटलं, वन्सं, ह्या झाडांची कलमं द्या. सगळ्यांची परसं पुन्हा उभी करू.

"देईन की. पण उमा, ज्या घरात संक्रांतीला माझं पाऊल चालत नाही, त्या घरात माझं कलम चालेल?"

त्यांनीच एक पेरू फोडून अर्धा दिला.

९ ऑगस्ट

उत्तर सापडलं. त्यांनी कुणाच्या घरी जायचं नाही. सगळ्यांनी त्यांच्या घरी यायचं. येत्या संक्रांतीला वाण वन्संच्या परसात, वन्संच्या हातचं.

हे म्हणाले, "बायका येणार नाहीत." वन्सं म्हणाल्या, "बायका येणार नाहीत." बहीणभाऊ शोभतात.

ऐंशी कलमं धरायची आहेत. उद्यापासून.

१ सप्टेंबर

वन्संनी परसाचा एक कोपरा कुडानं वेगळा काढला. बाहेरून कुठूनही झाड आलं, अगदी शेजारच्या गल्लीतून, तरी आधी त्या कोपऱ्यात एक उन्हाळा. मग बाकीच्यांकडे. हे त्याला "आमचं मुंबई बंदर" म्हणतात. धूर तेवढा नाही.

नियम मीच लिहून बटव्यातून राजाला पाठवला. दहा महिन्यांपूर्वी हाच नियम सरकारनं लिहिला तर भाजी चिरायला बसले होते.

१९ सप्टेंबर

राजाचं पत्र नाही, पण बटवा आला. आत एकच पुडी. डाळिंबाचे दाणे. वाचलेल्या झाडांचे.

वन्संसमोर रडले. त्या म्हणाल्या, "डाळिंब दाण्यांतून नीट धरत नाही. तिला म्हणावं, फांदी पाठव. एक उन्हाळा ठेवून घेऊ."

४ ऑक्टोबर

एकाहत्तर कलमं धरली. हे कचेरीतून आले की कुंड्या मोजतात, मोठ्यानं.

गावात ताप फार. मानमोडी म्हणतात. खालच्या आळीत घरोघरी माणसं पडली आहेत. ह्यांनाही संध्याकाळपासून कणकण. काढा दिलाय.

१४ जानेवारी १९१९, संक्रांत

वही आज उघडली.

यादी काढली. एकवीस नावं. मानमोडीत दोघी गेल्या. आणि चौघींची कपाळं पांढरी झाली. त्या चौघींना आज धारेत, देवासात कुठेही बोलावणं नाही. पाचवी मी.

तरी मारुतीकडून घरोघरी निरोप धाडून मागल्या दारानं वन्संकडे गेले. दोघींनी कुंड्या मांडल्या. मोजायला कुणी नव्हतं. उन्हं कलेपर्यंत कुणी आलं नाही. वन्सं म्हणाल्या, "चल, आत घेऊ."

तेवढ्यात दुर्गा. तिचं कुंकू शाबूत आहे. एकटीच आली. हातात करंडा नव्हता, बटवा होता, निरोपाबरोबर तिच्याकडे धाडलेला तोच. तिनं बटव्यात गवारीची पुडी घातली. वन्संना वाकून नमस्कार केला. मग माझ्यापुढे दोन्ही हात केले.

मी माझ्या हातानं तिला कुंडी दिली. तिनं पोटाशी धरली. पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एक उन्हाळा वेगळी ठेवते, वहिनी."